अण्णा, ती ओळ माझी होती

अण्णा, गेल्याच्या गेल्या शनिवारी मालकांनी तुमच्यावर पाच मिनिटं भाषण केलं आणि त्यात दोन गोष्टी खोट्या सांगितल्या.

कँटीनच्या शेडमध्ये तुमचा फोटो ठेवला होता. ओळखपत्रावरचाच मोठा केलेला. त्यात तुम्ही, कुणीतरी 'हलू नका' असं दरडावल्यासारखे दिसता. दोन्ही शिफ्टची माणसं उभी होती. मालक म्हणाले, "दशरथअण्णा जुन्या पिढीचे कारागीर. कॉम्प्युटर त्यांना जमला नाही, पण कान मोठा तयार होता." ही पहिली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "शेवटी शेवटी त्यांच्या हातून एक चूक झाली, मशीनचं नुकसान झालं. पण आज ते काढायची वेळ नव्हे." काढायची वेळ नव्हे म्हणत त्यांनी ते काढलंच. ही दुसरी. आणि त्यावर कळस: "अशी मानवी चूक पुन्हा होऊ नये म्हणून मॅनेजर साहेबांनी आता सगळ्याच प्रोग्रामना कुलूप घातलंय." मॅनेजर साहेबांनी हात जोडलेल्या अवस्थेतच मान जरा झुकवून ती स्तुती घेतली.

मग एक मिनिट शांतता. मी दुसऱ्या रांगेत होते. त्या मिनिटात कुणीतरी एकानं बोलायला हवं होतं, आणि खरं काय ते ठाऊक असलेली तिथं दोनच माणसं होती. एक मॅनेजर. दुसरी मी. दोघंही मान खाली घालून उभे राहिलो.

पहिल्या खोट्याचं आधी बोलते, कारण ते ऐकून बाकीची माणसं माना डोलवत होती. कॉम्प्युटर तुम्हाला जमला नाही? उद्यमबागेतल्या आपल्या शेडमध्ये प्रोग्रामिंगचा संगणक यायच्या कितीतरी आधी तुम्ही मशीनसमोर उभं राहून, कंट्रोलच्या बटणांवर एकेक अक्षर दाबून प्रोग्राम लिहीत होता. आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत, घरात शिकलेलं कुणी नाही, आणि तुम्ही आयटीआय करून आलात ते जॉब कार्डाच्या पाठीमागं त्रिकोणमिती मांडत उभे राहिलात. मी नऊ वर्षं ती कार्डं बघितली आहेत. एकाही गणितात खाडाखोड नाही. इंग्रजीत बोलणाऱ्याला डोकं असतं आणि मळक्या डांगरीतल्या माणसाला फक्त कान असतो, ही वाटणी केली कुणी? आणि मेल्यानंतरही ती चालू ठेवायची?

मी डिप्लोमा करून आले तेव्हा शेडमध्ये बाई म्हणून कुणी नव्हतं. "बाईमाणूस मशीन चालवणार व्हय?" असं कुणीतरी पाठीमागं म्हणालं, आणि तुम्ही काही न बोलता तुमच्या मशीनसमोरून बाजूला झालात. मला म्हणालात, "उभी ऱ्हा. लाव." मी भिऊन फीड अगदी कमी ठेवला. कटर मालात शिरला आणि चिरका आवाज यायला लागला.

"एवढं हळू का?"

"कटर तुटेल म्हणून."

"ऐक. काय म्हणतंय?"

"किंचाळतंय."

"व्हय. कापू देत न्हाईस त्याला, नुस्तं घासाय लावलंयस. फीड म्हंजे मशीनचा वेग न्हवं सुरेखा. कटरला चार दात हायत. एका फेऱ्यात एकेका दाताच्या वाट्याला किती घास येतोय, ते फीड. लई मोठा दिलास तर दात मोडतोय. लई बारका दिलास तर मालावर घासतोय, तापतोय, जळतोय. हळू म्हंजे सुरक्षित, असं कुणी सांगितलं तुला?"

कॉलेजात हेच सूत्र मी फळ्यावरून उतरवून घेतलं होतं आणि त्यावर मार्कही मिळवले होते. समजलं त्या दिवशी.

मग तुम्ही विचारलंत, वडगावात घर म्हणजे माग असतील. मी 'दोन' म्हणाले. जरा लाजूनच, कारण कॉलेजात मी ते कुणाला सांगत नसे. "आईला धागा तुटलेला दिसतो का ऐकू येतो?" मी म्हणाले, ऐकू येतो; खोलीत दोन्ही माग चालू असले तरी येतो. "मग तुलाबी येईल," तुम्ही म्हणालात. माझ्या घरातल्या खडखडाटाला पात्रता मानणारे तुम्ही पहिले.

आता ज्या कामाच्या श्रेयाचा पेढा मॅनेजरांनी खाल्ला त्या कामाचं. पंपाची ती बॉडी, आतून गोलाईचा खोल खळगा असलेली. नवीन सॉफ्टवेअरनं काढलेला माझा प्रोग्राम गोलाईवर गेला की मशीन थरथरायचं, मालाच्या अंगावर वळ उमटायचे. सॉफ्टवेअर विकणारे म्हणाले फीड कमी करा. मॅनेजर म्हणाले कटर बदला. तुम्ही मशीनच्या दारापाशी कान नेऊन उभे राहिलात आणि म्हणालात, "मशीन तोतरं बोलूलालंय. ह्याला वाचायचं काहीतरी वेळेवर मिळत न्हाय."

तेवढ्या एका वाक्यावरून मला सापडलं. सॉफ्टवेअरनं गोलाई काढली होती ती हजारो बारक्या सरळ तुकड्यांनी. आपल्या मशीनचा कंट्रोल जुना. तो एकेक तुकडा वाचून होईपर्यंत मशीन पुढच्याची वाट बघत थबकायचं, परत धावायचं, परत थबकायचं. मी ते तुकडे काढून त्या जागी खरे वर्तुळाचे भाग बसवले. थरथर गेली. पण आतल्या वळणावर कटर अजून ओरडत होता, आणि मला कळेना, कारण पडद्यावर फीड जागच्या जागी होता.

तुम्ही जेवणाच्या सुट्टीत भाकरीचा डबा मध्ये ठेवून मला ते सांगितलंत. "मळणी बघितलीस कधी? आम्ही दुसऱ्यांच्या खळ्यावर जायचो. मधी मेढ, तिला बैल जुपलेलं. आतल्या अंगाचा बैल डुलकी काढत फिरतोय, बाहेरच्याला पळाय लागतंय. फेरा दोघांचा एकच. पडद्यावर दिसतोय तो आतल्या बैलाचा वेग, कटरच्या मधल्या बिंदूचा. कापतोय बाहेरचा बैल." आणि डब्याचं झाकण उलटं करून त्याच्या आत वाटी फिरवून दाखवलीत. मग जॉब कार्डाच्या मागं गणित. आतल्या वळणावर फीड इतका कमी, बाहेरच्या वळणावर उलट इतका जास्त. अठरा मिनिटांचा जॉब बारा मिनिटांवर आला, आणि कटर आधीपेक्षा जास्त दिवस टिकायला लागला.

पुण्याहून ग्राहकाची माणसं आली तेव्हा मॅनेजर साहेबांनी पडद्यावर चित्रं दाखवत हे सगळं सांगितलं. बैलांसकट. बैलांसकट, अण्णा! टाळ्या झाल्या. तुम्ही मागं मशीन पुसत होता. मी रागानं तुमच्याकडं आले तर म्हणालात, "जॉब बरा निघूलालाय न्हवं? मग." त्या 'मग'चा मला आजही राग येतो. तुमच्या भल्या स्वभावाचा फायदा घेणाऱ्यांना तुमच्यासारखी माणसं फार स्वस्तात सुटू देतात.

पण पुढं जे झालं त्यात मी भली नव्हते, आणि ते मला लिहिलंच पाहिजे.

ओतून येणारी कास्टिंग सगळी सारखी नसत. कधी एखाद्या कास्टिंगची कड ओतताना लवकर गार होऊन दगडासारखी कडक झालेली असे. तुम्हाला ते पहिल्या स्पर्शाच्या आवाजात कळायचं आणि तुम्ही फीड कमी-जास्त करायचं गोल बटण फिरवून ऐंशी टक्क्यांवर, सत्तरवर आणायचात. पुढच्या कास्टिंगला परत शंभर. साहजिकच बारा मिनिटांच्या जॉबला कधी पंधरा लागायची. शेडमधल्या वेळेच्या फलकावर ते लाल रंगात दिसायचं. मॅनेजर मला विचारायचे, "मॅडम, तुमचा प्रोग्राम नक्की किती मिनिटांचा आहे?"

एक दिवस मी वरच्या माझ्या काचेच्या खोलीतून तणतणत खाली आले. सगळ्यांसमोर.

"तुम्ही बटण फिरवता आणि बदनाम माझा प्रोग्राम होतो."

"प्रोग्राम झकास हाय. माल सारखा न्हाय गं."

"सॉफ्टवेअर फीड काढतं ते गणितानं काढतं. तुम्ही अंदाजानं कमी करता."

"सॉफ्टवेअरला कास्टिंगचं चित्र दिसतंय. कास्टिंग दिसत न्हाय."

"कान रिटायर होतात अण्णा. गणित होत नाही."

हे मी बोलले. मला मशीनसमोर उभं करणाऱ्या माणसाला. बसप्पा शेजारच्या मशीनवर होता, त्यानं ऐकलं आणि तोंड फिरवलं. तुम्ही हातातल्या चिंधीनं बोटं पुसत राहिलात. तीन दिवस आपण बोललो नाही. नऊ वर्षांतला पहिला अबोला, आणि तो माझ्या बाजूनं जास्त होता.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मॅनेजर साहेब माझ्या काचेच्या खोलीत आले. "ते बटण प्रोग्राममधूनच बंद करता येतं ना?" येतं. एका ओळीचं काम आहे. एम एकोणपन्नास. ती ओळ वाचली की फीडच्या बटणाचा मशीनशी संबंध तुटतो; कुणी कितीही फिरवा, मशीन लिहिलेल्या वेगानंच जाणार. "घाला," ते म्हणाले. "फीडही पंधरा टक्के वाढवा. आणि कोपऱ्यात शिरताना मशीन स्वतःहून दम खातं ना, ते जरा सैल करा. दहा मिनिटांत आला पाहिजे."

वरून आलेला हुकूम होता, असं मी पाच महिने स्वतःला सांगत आले. हुकूम होता, हे खरंच आहे. पण अण्णा, ती ओळ लिहिताना मला बरं वाटलं होतं. आता बघू कोण माझा प्रोग्राम हळू करतंय, असं वाटलं होतं. बोटं जरासुद्धा अडखळली नाहीत.

तुम्हाला सांगायचं मी सकाळवर ठेवलं. सकाळी आले तेव्हा तुम्ही माल आवळून धरणारं फिक्श्चर पुसत होता, पाठमोरे. मी क्षणभर थांबले. तुम्ही वळला नाहीत. मी जिना चढून वर गेले. तुम्ही मला बघितलं नव्हतं, एवढंच असेल. पण अबोल्यात माणूस पाठीचाही अर्थ काढतो.

चहाच्या आधी तो आवाज आला. आधी कटरचा चढत गेलेला सूर, जो मला वरही ऐकू आला. मग फटाका फुटावा तसा एक, आणि मागोमाग लोखंडावर लोखंड. मी धावत खाली आले. कटर तुटून त्याचा तुकडा दाराच्या काचेत रुतला होता. बॉडी फिक्श्चरमधून उचकटून तिरकी झाली होती, कटर फिरवणारा स्पिंडल तिच्यावर आदळून थांबला होता. तुमचा डावा हात मशीन जागीच बंद करणाऱ्या लाल बटणावर होता. आणि फीडच्या काळ्या बटणाचा काटा शून्यावर होता.

मला बघताक्षणी कळलं. कडक कड तुम्हाला ऐकू आली होती. तुमचा हात सव्वीस वर्षं जिथं जायचा तिथं आधी गेला. तुम्ही बटण पार शून्यावर आणलंत, आणि मशीन थांबलं नाही. ते का थांबत नाही हे समजून हात लाल बटणावर जाईपर्यंत दोन सेकंद गेली असतील. ती दोन सेकंदं मी तुमच्याकडून आदल्या संध्याकाळी काढून घेतली होती.

मॅनेजर आले. त्यांनी बटणाकडं बघितलंही नाही. "अण्णा, बटण एकशेवीसवर नेलं होतं काय?" त्यांना ठाऊक होतं की बटण मेलेलं आहे! त्यांनीच ते मारायला सांगितलं होतं. तरी सगळ्या शेडसमोर, ठसक्यात विचारलं.

तुम्ही कंट्रोलकडं वळलात. पडद्यावर प्रोग्राम मागं नेत नेत सुरुवातीला आलात. ती ओळ तुम्हाला दिसली. तुम्ही वाचलीत. एकदा माझ्याकडं बघितलंत. रागानं नाही, आश्चर्यानंही नाही. जॉब मोजून झाल्यावर आकडा बघावा तसं. मग एक बटण दाबून ते पान पुढं सरकवलंत, ओळ पडद्यावरून गेली, आणि म्हणालात,

"माझा हात चुकला साहेब."

मी तिथं उभी होते. चार फुटांवर. मी काहीच बोलले नाही.

मेमोत 'ऑपरेटरच्या निष्काळजीपणामुळे' असं लिहिलं गेलं. तुम्हाला मशीनवरून काढून कोपऱ्यातल्या बेंचवर बसवलं, कानस घेऊन जॉबच्या कडांची बर, म्हणजे कापल्यावर राहिलेली धारदार कुसं, काढायला. शिकाऊ माणसाचं काम. सव्वीस वर्षांनंतर! तुम्ही तेही असं केलंत की त्या पाच महिन्यांत एकही बॉडी कडेच्या तक्रारीनं परत आली नाही.

मी बेंचजवळून जाणं टाळायची. शेवटी एकदा आले. दीड-दोन महिन्यांनी.

"अण्णा, मी साहेबांना सांगणार आहे. मालकांनाच सांगते."

तुम्ही कानस थांबवली नाही. "ती ओळ काढलीस?"

"त्याच दिवशी काढली."

"मग झालं."

"झालं कसं? मेमो तुमच्या नावावर आहे."

"तुझ्या नावावर आला तर तुला घालवतील. मग त्या काचेच्या खोलीत कोण बसणार? सॉफ्टवेअर इकणारा? त्याला मशीनचा आवाज येतोय काय? माझी दोन वर्सं ऱ्हायलीत. जातील. तू बस तिथं. जा आता."

आणि मी गेले. तुम्ही 'जा' म्हणालात म्हणून. केवढी सोय झाली माझी.

म्हणून माझा राग मालकांवर आहे, मॅनेजरांवर आहे, माझ्यावर तर आहेच. पण तो तुमच्यावरही आहे, आणि तुम्ही गेलात म्हणून मी तो गिळणार नाही. मला वाचवा असं तुम्हाला कुणी म्हटलं होतं? माझी चूक माझ्या नावावर राहू द्यायची होती. ती तुम्ही उचलून पाठीवर घेतलीत आणि मला काय दिलंत? पाच महिने जिन्यावरून खाली बघायचं नाही, ही शिक्षा. तुम्ही मला चांगली प्रोग्रामर समजलात, पण स्वतःच्या पायावर उभं राहून 'मी केलं' म्हणू शकणारी बाई समजला नाहीत. मी तशी नव्हतेही, हे आणखी वेगळं. पण संधी तरी द्यायची होती. भांडण पुरं करायच्या आधीच तुम्ही एका गुरुवारी सकाळी उठून गेलात. आता मी कुणाशी भांडू?

शनिवारच्या त्या शांततेनंतर मी वर आले आणि 'कुलूप' म्हणजे काय ते बघितलं. मी एका प्रोग्राममधून काढलेली ओळ मॅनेजरांनी सॉफ्टवेअरवाल्याकडून सगळ्या प्रोग्रामच्या डोक्यावर बसवून घेतली होती. एकाच नव्हे, पाचही मशीनवर. सोमवारपासून लागू. तुमच्या जागी आता बसप्पा होता, आणि तोही आवाज आला की हात आधी बटणावर नेणारा. तुम्हीच शिकवलेला.

सोमवारी सकाळी मी घरी आईला म्हणाले, आज बहुधा नोकरी जाईल. आई मागाजवळ बसली होती. म्हणाली, "जाऊ दे. घरात माग हाईत." आणि परत कामाला लागली.

शिफ्ट सुरू व्हायच्या आधी मी बसप्पाच्या मशीनवर गेले. जॉब न लावता, कटर हवेत ठेवून प्रोग्राम चालू केला. म्हणाले, "बसप्पा, फीड शून्यावर आण." त्यानं आणलं. मशीन चालत राहिलं. त्यानं परत फिरवलं, शंभरवर, परत शून्यावर. मग माझ्याकडं बघितलं. "अय्यो," तो म्हणाला, आणि एवढ्या हळू म्हणाला की शेजारच्या मशीनवरची माणसं त्यामुळंच जवळ आली. "अण्णाला असंच झालतं?"

"असंच. आणि ही ओळ तेव्हा मी लिहिली होती."

बसप्पानं मशीन बंद केलं, चिंधी काढून हात पुसले आणि मशीनला पाठ करून उभा राहिला. पलीकडच्यानं त्याचं मशीन बंद केलं. एकेक करून पाचही बंद झाली. घोषणा नाहीत, आरडाओरडा नाही. शेड एवढी शांत झाली की मालक स्वतः खाली आले, मागून मॅनेजर.

"मॅडम जरा हळव्या झाल्यात सर," मॅनेजर म्हणाले. "अण्णांचं मनाला लागलंय."

मी म्हणाले, "सर, तुम्ही स्वतः फिरवा." प्रोग्राम परत हवेत चालू केला. मालक एकेकाळी लेथवर उभे राहिलेले आहेत, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. त्यांनी बटण शून्यावर आणलं. मशीन चालत होतं. त्यांनी दुसऱ्यांदा फिरवलं, हात काढला, आपल्या बोटांकडं बघितलं. चेहरा बदलला तो मी बघितला. त्या दोन सेकंदांत माणसाला काय वाटतं ते त्यांना हवेतसुद्धा कळलं.

मी सगळं सांगितलं. त्या संध्याकाळचं, ओळीचं, मला बरं वाटल्याचंही. जुन्या प्रोग्रामची प्रत तारखेसकट होती, ती मालकांसमोर ठेवली. मॅनेजर म्हणाले, तशी चर्चा झाली होती, लेखी सूचना नव्हती.

मालक म्हणाले, "मग दशरथनं मला का नाही सांगितलं?"

बसप्पा म्हणाला, "सर, तुम्ही त्यास्नी विचारलं कधी?"

ओळ त्याच दिवशी सगळीकडून निघाली. मी एकेका मशीनवर उभं राहून काढली आणि प्रत्येकाला बटण फिरवून दाखवलं. मला मेमो मिळाला, नऊ वर्षांतला पहिला. मी सही केली. नोकरी अजून आहे. मॅनेजर साहेबही आहेत, त्याच खुर्चीत, मेमोशिवाय. तेवढं माझ्यानं झालं नाही. आणि तुमचा मेमो मागं घेतल्याचं पत्र बुधवारी माझ्या हातात दिलं गेलं, 'त्यांच्या घरी पोचवा' म्हणून. मालकांना स्वतः जायला वेळ नव्हता.

आज निपाणीला तुमचं पुण्यानुमोदन होतं, गेलेल्या माणसासाठीची बुद्धवंदना. बसनं गेले. वैनी मागच्या दारी भांडी काढत होत्या. मी पत्राची गोष्ट सांगितली आणि माझीही सांगितली. वाटलं होतं त्या रडतील, किंवा म्हणतील जाऊ दे. त्या उभ्या राहिल्या.

"पाच म्हैने ते जेवताना मान वर करत न्हवते. मी इचारलं तर म्हणायचे, बेंचावर बसून मान आखडलीया. तू तवा कुठं होतीस?"

"वर होते वैनी. काचेच्या खोलीत."

त्यांनी माझ्याकडं रोखून बघितलं. मी नजर काढली नाही, एवढंच केलं. मग म्हणाल्या, "माझ्या हातात देऊ नकोस. बाहेर सगळी बसल्यात. मशीन ह्यांनी मोडलं, ही गोष्ट सगळ्यास्नी ठावं हाय. तितं वाच."

वंदना झाली. मेणबत्त्यांसमोर उभी राहून मी पत्र उघडलं. इंग्रजीत होतं. तीन ओळी. "मराठीत सांग," वैनी म्हणाल्या. मी प्रयत्न केला. 'समोर आलेल्या नव्या माहितीच्या अनुषंगाने सदर मेमो मागे घेण्यात येत आहे.' पुढच्या दोन ओळीही तशाच. त्यात कुणी काही केलेलं नव्हतं. चूक नव्हती, ती करणारं कुणी नव्हतं, तुम्ही तर नव्हतातच.

पुढं तुमची थोरली चुलती बसली होती. कानावर हात धरून ऐकत होती. म्हणाली, "म्हंजे काय गं बाई?"

मी पत्र खाली केलं. "म्हणजे मशीन अण्णांनी मोडलं नाही. ते थांबवायचं बटण मी बंद केलं होतं. साहेबांनी सांगितलं आणि मी केलं. अण्णांनी थांबवायला हात घातला होता. आणि सगळं कळूनसुद्धा त्यांनी माझं नाव घेतलं नाही."

चुलतीनं जरा विचार केला.

"मग हे लिवलं का न्हाय त्यात?"

वैनी पुढं आल्या, पत्र माझ्या हातातून घेतलं, तीन ओळींवर बोट फिरवलं, घडी घातली आणि परत माझ्याच हातात दिलं.

"ने परत," त्या म्हणाल्या. "लिवून आण."

पत्र माझ्या पिशवीत आहे, अण्णा. उद्या सकाळी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी मी ते मालकांच्या टेबलावर ठेवणार आहे, आणि लिहून होईपर्यंत समोर उभी राहणार आहे.